फळीवरची नावं आणि त्यांचे मालक

कामं उरकता उरकता ऐकत असाल, तर हातातलं काम थांबवू नका. धुणं धूत असाल, भांडी घासत असाल, तर आजचा विषय तुमच्या हातातच आहे.

मागच्या आठवड्यात आम्ही चौघीजणींनी एक उद्योग केला. आमच्यातल्या एकीच्या घरी मोरीतली फळी आणि स्वयंपाकघरातली मांडणी रिकामी केली आणि सगळ्या वस्तू ओसरीवर ओळीनं मांडल्या. अंगाला लावायचा लाइफबॉय, सुनेचा लक्स, धुण्याची रिनची वडी, व्हीलची पावडर, भांड्यांचा विम, क्लिनिक प्लसच्या पुड्या, थंडीत लावायचं पॉन्ड्स आणि व्हॅसलीन, चहाची रेड लेबल, पोरांचं हॉर्लिक्स आणि किसानचा जाम. झाली अकरा नावं. घरातल्या सासूबाई म्हणाल्या, "आम्ही काही एकाच कंपनीला धरून बसत नाही गं. बाजारात जे परवडेल ते आणतो."

मग चष्मा लावून पाकिटांच्या मागची बारीक अक्षरं वाचायला घेतली. अकराच्या अकरा वस्तूंवर कंपनी एकच होती, हिंदुस्तान युनिलिव्हर लिमिटेड. सासूबाईंनी पाकिटं पुन्हा एकदा उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं आम्ही एकाच दुकानदाराच्या अकरा खिडक्यांवर उभ्या होतो म्हणायच्या!"

यात लपवाछपवी काही नाही. नाव पाकिटावर छापलेलंच असतं. पण एका घराण्याकडे इतकी नावं आली कुठून, आणि ते माहीत असल्यानं आपल्या घरखर्चात काय फरक पडतो, हे आज बघू.

सुरुवात विलायतेत होते. दीडशे वर्षांपूर्वी तिकडेही साबण दुकानात लांबलचक लादीसारखा यायचा. दुकानदार त्याचा तुकडा कापून, तोलून द्यायचा. साबण चांगला की वाईट हे दुकानदारावर अवलंबून असायचं. विल्यम लिव्हर नावाचा वाण्याचा मुलगा होता. त्यानं १८८४ साली साबणाला 'सनलाइट' हे नाव घेतलं आणि सारख्या वजनाच्या वड्या कागदात गुंडाळून, वर नाव छापून विकायला लागला. गिऱ्हाईक आता "साबण द्या" न म्हणता "सनलाइट द्या" म्हणायला लागलं. दुकानदारावरचा विश्वास पाकिटावरच्या नावावर गेला. ब्रँड ब्रँड म्हणतात तो हाच.

हा सनलाइट १८८८ साली कलकत्त्याच्या बंदरात उतरला. पाठोपाठ १८९५ मध्ये लाइफबॉय आला. १९३० साली लिव्हरची कंपनी आणि हॉलंडची मार्गारीन म्हणजे कृत्रिम लोणी बनवणारी कंपनी एकत्र आल्या आणि युनिलिव्हर झाली. मग भारतातच कारखाने निघाले. १९३४ साली मुंबईत शिवडीला साबण तयार व्हायला लागला. पुढे १९५६ मध्ये त्यांच्या इथल्या तीन कंपन्या एक होऊन हिंदुस्तान लिव्हर झाली. २००७ मध्ये तिचं नाव हिंदुस्तान युनिलिव्हर झालं. आजही या कंपनीतला साठ टक्क्यांहून जास्त हिस्सा परदेशातल्या युनिलिव्हरचा आहे.

शिवडी म्हणजे परळ-लालबागच्या शेजारची. आपल्या सातारा-सांगलीची कितीतरी माणसं तिथल्या गिरण्यांत आणि गोदीत कामाला होती. जत्रेला गावी येताना ट्रंकेतून साबणाच्या वड्या आणायची. तोवर आपल्याकडे डोक्याला शिकेकाई, कपड्यांना रिठा नाहीतर सोडा, अंगाला डाळीचं पीठ आणि भांड्यांना चुलीतली राख. त्यात मुंबईची वासाची वडी म्हणजे अप्रूप. पाहुणे आले की बाहेर निघायची, एरवी पेटीत लुगड्यांच्या घडीत राहायची.

आता एक योगायोग ऐका. ज्या १९३० साली तिकडे युनिलिव्हर जन्माला आली, त्याच साली आपल्या किर्लोस्करवाडीहून 'स्त्री' मासिक निघालं. शिकलेली बाई स्वतः वाचते, स्वतः ठरवते, हे इकडे संपादकांनी ओळखलं होतं आणि तिकडे साबणवाल्यांनीही. १९४१ मध्ये लक्सच्या जाहिरातीत आपल्या लीला चिटणीस झळकल्या. लक्सच्या जाहिरातीत येणाऱ्या त्या पहिल्या भारतीय नटी. त्यानंतर किती नट्या आल्या आणि गेल्या, पण जाहिरातीची रीत तीच राहिली.

डालड्याची गोष्ट तर प्रत्येक घराची आहे. तेलात हायड्रोजन वायू मिसळून ते तुपासारखं घट्ट करायचं, म्हणजे वनस्पती तूप. हॉलंडहून 'दादा' नावानं असं तूप यायचं. लिव्हरनं त्या नावात आपला 'ल' घातला आणि १९३७ साली डालडा बाजारात आणला. साजूक तूप महाग, आणि बायका म्हणायच्या की तुपाची चव तुपालाच. मग कंपनीनं डालड्याच्या डब्यासारखी गोल गाडी बनवून रस्त्यानं फिरवली, लोकांना पदार्थ तळून चाखायला दिले. नाव इतकं रुळलं की कुठलंही वनस्पती तूप डालडाच झालं. पिवळ्या डब्यावरचं ताडाचं झाड आठवतंय ना? डबा रिकामा झाला की त्यात डाळ भरायची, आणि डबा गंजला की तुळस लावायची.

या डालड्यावर वादही झाले. गांधीजींचा वनस्पती तुपाला विरोध होता. साजूक तुपात भेसळ करायला ते सोपं, ही मोठी तक्रार होती. तेव्हा सरकारनं एक युक्ती केली. वनस्पती तुपात पाच टक्के तिळाचं तेल घालणं सक्तीचं केलं. तिळाच्या तेलाला ठरावीक रसायन लावलं की गुलाबी रंग येतो. साजूक तुपाची अशी तपासणी केली आणि रंग आला, की भेसळ पकडली. नंतर डॉक्टरांनी सांगितलं, की असं घट्ट केलेल्या तेलात ट्रान्स फॅट असतं आणि ते हृदयाला वाईट. २०२२ पासून तेल-तुपात ते दोन टक्क्यांच्या आत ठेवायचा नियम झाला. आणि डालडा? २००३ साली लिव्हरनं ते नाव बंगे नावाच्या दुसऱ्या परदेशी कंपनीला विकून टाकलं. डबा दुकानात होता तिथेच राहिला, नावही तेच राहिलं. मालक बदलल्याचं आपल्याला कुणी सांगायला आलं नाही.

अशी खरेदी-विक्री एकदा नाही, अनेकदा झाली. हमाम आणि ५०१ हे साबण टाटांच्या तेल कंपनीचे. आपल्याकडे ५०१ चा बार दोऱ्यानं कापून वापरलेल्या आज्या अजून आहेत. ती कंपनी १९९३ साली लिव्हरमध्ये विलीन करायचं ठरलं. लॅक्मे १९५२ साली टाटांनी काढलं, ते १९९८ मध्ये लिव्हरकडे गेलं. किसान १९९३ साली घेतलं. रेड लेबल चहा १९०३ पासून ब्रुक बाँडचा. ती सबंध कंपनीच १९८४ साली युनिलिव्हरनं जगभरात विकत घेतली. हॉर्लिक्स तर अगदी अलीकडे, २०२० मध्ये आलं.

आता विचार करा. हमाम विकत घेतला म्हणजे लिव्हरनं नेमकं काय घेतलं? साबण बनवायची यंत्रं आणि भट्ट्या त्यांच्याकडे आधीच होत्या. साबण कसा बनवायचा हेही ठाऊक होतं. त्यांनी पैसे मोजले ते मुख्यत्वे नावासाठी. आणि नावाला किंमत कुणी आणली? "आमच्या आईकडे हमामच असायचा," असं म्हणणाऱ्या बायकांनी. आपली सवय आणि आपला विश्वास, यांचा तो सौदा होता. त्या सौद्यात आपल्याला कुणी विचारलं नाही, आणि कायद्यानं विचारायची गरजही नव्हती. पण आपल्या विश्वासाला एवढी किंमत आहे, हे आपल्याला माहीत असायला हवं.

नाव तेच ठेवून आतला माल बदलतो, हेही होतं. लाइफबॉयचंच घ्या. लालभडक वडी आणि तो दवाखान्यासारखा कार्बोलिकचा वास. शेतातून आलेल्या माणसाला तोच साबण द्यायचा. २००२ साली कंपनीनं तो जुना प्रकार बंद केला आणि नव्या वासाचा, नव्या बनावटीचा साबण त्याच नावानं आणला. नवा चांगला की जुना, हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न. सांगायचं इतकंच, की "आम्ही पन्नास वर्षं हाच वापरतोय" असं जेव्हा आपण म्हणतो, तेव्हा पन्नास वर्षं टिकलेलं असतं ते नाव.

आता एकच घर महाग आणि स्वस्त असं दोन्ही का विकतं, ते बघू. इथे निरमाची गोष्ट सांगायला हवी. सर्फची पावडर भारतात १९५९ साली आली. ती शहरातल्या पगारदारांना परवडायची. १९६९ साली अहमदाबादला करसनभाई पटेल या सरकारी नोकरीतल्या माणसानं घरीच पिवळी पावडर बनवली आणि सायकलवरून दारोदार विकली. सर्फच्या जेमतेम तिसऱ्या-चौथ्या हिश्शाच्या किमतीत. मोठ्या कंपनीनं आधी तिकडे लक्ष दिलं नाही. पण आपल्यासारख्या घरांनी दिलं. ऐंशीच्या दशकात निरमानं सर्फला मागं टाकलं. तेव्हा टीव्हीवर ललिताजी आल्या. पांढऱ्या निळ्या किनारीच्या साडीतल्या, भाजीवाल्याशी घासाघीस करणाऱ्या. स्वस्त वस्तू आणि किफायतशीर वस्तू यात फरक आहे, असं त्या आपल्याला पटवायच्या. पण जाहिरातीनं भागलं नाही. १९८७ साली कंपनीनं स्वतःचीच स्वस्त पावडर काढली, ती व्हील. वर सर्फ, मध्ये रिन, खाली व्हील. आपण वरून खाली आलो तरी पैसा त्याच घरात.

पुडीची गोष्टही अशीच. शाम्पू पुडीतून विकायची सुरुवात तमिळनाडूतल्या कडलूरच्या एका लहान उद्योजक घराण्यानं केली. बाटली परवडत नाही, पण आठवड्याला एक पुडी परवडते, हे त्यांनी ओळखलं. मोठ्या कंपन्या मागून आल्या. आज आपल्या गावातल्या दुकानात दारावर लटकणाऱ्या पुड्यांच्या माळा त्यातूनच आल्या. रोजंदारीवरच्या बाईला पुडीचा आधार आहे, हे नाकारायचं नाही. पण रिकाम्या पुड्या ना जळतात धड, ना कुजतात. ओढ्याच्या काठाला जाऊन बघा.

आणि गोरेपणाची मलई विसरून कसं चालेल? १९७५ साली फेअर अँड लव्हली आली. काळ्या मुलीचं लग्न जमत नाही, तिला नोकरी मिळत नाही, मलई लावून गोरी झाली की सगळं मिळतं, असं वर्षानुवर्षं दाखवलं. उन्हात भांगलण करणाऱ्या आपल्या लेकींनी ते बघितलं आणि आरशासमोर रडल्या. पण सगळ्याच गप्प बसल्या नाहीत. अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेनं या जाहिरातींविरुद्ध तक्रारी केल्या आणि २००३ साली सरकारनं त्यातल्या दोन जाहिराती थांबवल्या. पुढे देशात आणि जगात ओरड वाढत गेली आणि २०२० मध्ये कंपनीनं नावातला 'फेअर' काढून 'ग्लो' केलं. बायका बोलल्या की एवढ्या मोठ्या घराला पाटी बदलावी लागते, हे त्यातून दिसलं. पाटी बदलली म्हणून मनं बदलली, असं मात्र नाही. ते काम आपल्या घरापासून आपल्यालाच करायचं आहे.

मग आता करायचं काय? कंपनीच्या नावानं बोटं मोडायची का? नाही. चांगली वस्तू असेल तर जरूर घ्यावी. पण नावाकडे बघून न घेता पाकीट उलटं करून घ्यावी. चार गोष्टी बघायच्या.

पहिली, वजन. दहा रुपयांचा पुडा दहालाच राहतो, पण आतलं वजन हळूच कमी होतं. भाव वाढला की आपण बोलतो, वजन घटलं की आपल्याला कळत नाही. म्हणून आधी वजन वाचा.

दुसरी, एका ग्रॅमचा भाव. समजा, पंचाहत्तर ग्रॅमची वडी तीस रुपयांना आहे आणि सव्वाशे ग्रॅमची पंचेचाळीसला. पहिलीत ग्रॅमला चाळीस पैसे पडतात, दुसरीत छत्तीस. आता बऱ्याच पाकिटांवर हा हिशेब छापूनच येतो. किमतीच्या जवळ बारीक अक्षरांत ग्रॅमचा किंवा मिलिलिटरचा भाव असतो. पोरांना वाचायला सांगा, त्यांचं गणितही सुधारेल. आणि मोठं पाकीट स्वस्तच असतं, असं धरून चालू नका. शाम्पूत कधी कधी पुडीच बाटलीपेक्षा स्वस्त पडते. हिशेब करूनच ठरवा.

तिसरी, साबणावरची टी.एफ.एम. ही तीन अक्षरं. साबणात तेला-चरबीपासून आलेला खरा अंश किती टक्के आहे, ते हा आकडा सांगतो. अंगाच्या साबणात पहिल्या प्रतीला किमान ७६, दुसरीला ७० आणि तिसरीला ६० टक्के लागतात. 'बेदिंग बार' असं लिहिलं असेल तर नियम वेगळा, तिथे ४० टक्केही चालतात. आकडा कमी म्हणजे वस्तू खोटी असं नाही. पण कमी आकड्याची वडी बहुधा लवकर झिजते, आणि कातडी कोरडी असेल तर ते जाणवतं. दोन वड्यांचा भाव सारखा असेल, तर आकडा बघून निवडा.

चौथी, मालक. 'उत्पादक' किंवा 'मार्केटेड बाय' याच्यापुढे काय लिहिलंय ते वाचा. दोन वस्तूंमध्ये निवड करताय असं वाटत असेल आणि दोन्हींमागे नाव एकच असेल, तर तिसरी वस्तूही बघा. वजनात, छापील किमतीत फसवणूक झाली तर १९१५ या नंबरवर फोन लावा. राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा तो नंबर आहे, आणि पैसे पडत नाहीत.

जाता जाता आपल्या बचत गटांशी दोन शब्द. मोठ्या कंपन्यांना आपलं महत्त्व चांगलं कळतं. २००१ च्या सुमारास लिव्हरनं नलगोंडा जिल्ह्यात बचत गटाच्या बायकांनाच घरोघर माल विकायला घेतलं, त्याला 'शक्ती' नाव दिलं. बायांना चार पैसे मिळाले, कंपनीला जिथे गाडी जात नाही तिथे गिऱ्हाईक मिळालं. कारण दारात आलेल्या आपल्या ओळखीच्या बाईवर बाई विश्वास ठेवते. तोच विश्वास आपल्या स्वतःच्या मालाला का मिळू नये?

आपल्या भागाला हे नवं नाही. कराडजवळच्या ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील एकेकाळी महाराष्ट्रभर घरोघरी लागायचा. भिलवडीच्या चितळ्यांचं दूध पुण्यापर्यंत गेलं. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे आपल्या मातीतल्या वस्तूचंही नाव होतं. पण आपल्या गटाची हळद, चटणी, पापड अजून कितीदा साध्या पिशवीत, नाव-गाव न लिहिता जातात! ओळखीच्या चार घरांत ते खपतं, पाचव्या घरी कुणी विचारत नाही. पिशवीवर नाव घाला. वजन, तारीख, किंमत, गावाचा पत्ता आणि अन्न विभागाचा नोंदणी क्रमांक घाला. आणि एकदा नाव घातलं की प्रत्येक वेळी तोच रंग, तीच चव, तेच वजन द्या. विल्यम लिव्हरनं साबणाच्या वडीला केलं ते एवढंच होतं. कुणी नावासाठी पैसे द्यायला आलंच, तर त्या नावाच्या मालकीण तुम्ही असाल.

आज रात्री जेवणं झाली की आपली फळी उतरवा. सासू, सून, लेकी, सगळ्याजणी मिळून पाकिटं उलटी करा आणि किती नावांमागे एकच मालक निघतो ते मोजा. आमची संख्या अकरा आली होती. तुमची किती येते, ते आम्हाला नक्की कळवा.

नमस्कार.